माझ्या ओट्यावरची रेंज

आमच्या नेकनूरात दोन माणसांचा अबोला झाला म्हणजे त्यांचं बोलणं बंद होतं असं कुणी समजू नये. उलट वाढतं. फक्त तोंड दुसरीकडं करून बोलायचं. म्हशीला सांगायचं, भिंतीला सांगायचं, न्हाईतर आभाळाकडं बघून देवाला सांगायचं, पण ज्याच्यासाठी बोलायलोय त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. माझी आई आन् माझी चुलती सुभद्राबाई, ह्या दोघी जावांनी वर्षानुवर्षं अबोल्यात एका अंगणात संसार केला. आई गाईला म्हणायची, "गायबाई, मीठ संपलं गं, कुणाकडं असलं तर बरं." चुलती त्याच गाईला सांगायची की डबा फळीवर हाय, ज्याला पाहिजे त्यानं घ्यावं. त्या गाईला दोन्ही घरचं सगळं मालूम होतं. हे बघत मी मोठा झालो, आन् तरीबी माझी फजिती झाली ती ह्याच बाबतीत. कशी, ते सांगतो.

माझ्या घरासमोर, गल्ली ओलांडली की रेवणसिद्धआप्पाचं किराणा दुकान. माझी ओट्याला लागून पिठाची गिरणी. आप्पा म्हणजे बुटका माणूस, पांढरं धोतर, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी आन् तोंडात कायम सुपारीचं खांड. दुकानाच्या दारात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लोंबायच्या. त्या सालांत कुठल्या कुठल्या कंपन्यांचा माल आमच्या गल्लीपर्यंत आला होता, पण आप्पाचा हात काही सैल झाला नव्हता. सुतळीचा तुकडा ते फेकायचे न्हाईत. पेपर कधी विकत घेतला न्हाई. सकाळी माझा पेपर माझ्याच ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचे, मधेमधे पुढाऱ्यांना शिव्या हासडायचे, आन् उठताना म्हणायचे, "वाचून झाला असंल तर द्या, रद्दी कशाला साठवता." दुसऱ्या दिवशी तोच पेपर जिऱ्याची पुडी होऊन माझ्या घरी यायचा, आन् तो मी विकत घ्यायचो.

पण खरं ते सांगतो. मला कावीळ झालती, तेव्हा हाच माणूस दुकानाला कुलूप लावून माझ्या उशाशी बसून होता. आप्पानं दुकान बंद ठेवणं म्हणजे काय, हे ज्यानं त्यांना बघितलंय त्यालाच कळंल. त्यांची बायको बसम्मावहिनी गेल्यावर तर ते झोपण्यापुरते त्यांच्या घरी आन् बाकी आमच्या ओट्यावर. लेक राजेश्वर पुण्याला नोकरीला, लेक प्रणिता उदगीरला दिलेली. माझी बायको विमल दोन कप चहा टाकायची ते कधीच विसरून गेली, तीन कपांचीच सवय लागलती.

मग माझ्या तेजश्रीचं लग्न निघालं आन् सगळ्याचा नास झाला. लग्नघरात माणूस किती पळतो, तुमाला मालूम हाय. मी गल्लीतल्या पत्रिका वाटायला पुतण्याकडं दिल्या, गहिनीनाथकडं. त्याला तसंबी आप्पाच्या दुकानातून सुपारी आणायची होती. त्यानं सुपारी घेतली आन् पत्रिका काउंटरवर ठेवून आला. झालं. आप्पानं ती पत्रिका तराजूखाली सरकवली. लग्नाच्या दिवशी वरात त्यांच्या दुकानावरून वाजत गेली, आन् हा माणूस दुकान उघडं ठेवून गूळ फोडत बसला. अक्षता टाकायला आला न्हाई. म्हणे, मला आवतण गिऱ्हाईकानं दिलं, बसम्मा असती तर सुंदरराव, म्हणजे मी, घरात येऊन पाटावर बसला असता.

आता मला सांगा, घरच्या माणसाला कोण आवतण देतं? आपल्या भावाच्या हातात पत्रिका नेऊन ठेवतो का आपण? मला वाटलं, आप्पा मांडवात माझ्या आधी उभे असतील. आजबी सांगतो, माझं काही चुकलं न्हाई. विमलचं म्हणणं वेगळं हाय, ते जाऊ द्या.

अबोला पडला. आप्पाचा चहा बंद, पेपर बंद. मी पेपर वाचून झाला की मुद्दाम ओट्यावर पसरून ठेवायचो, त्यांना दिसंल असा. ते सुतळी गुंडाळत माझ्या म्हशीकडं बघायचे, पेपराकडं न्हाई.

असं बरंच चाललं. मग राजेश्वरनं पुण्यात नवा मोबाईल घेतला आन् जुना बापाला आणून दिला. राखाडी रंगाचा, साबणाच्या वडीएवढा जाड, वर बोटभर कांडी आन् बटणांवरचे आकडे घासून गेलेले. गल्लीत तो पहिलाच. आप्पानं शिंप्याकडून त्याला खणाची पिशवी शिवून घेतली आन् गळ्यात अडकवली, लिंगाच्या डबीशेजारी. विमल म्हणाली, एका दोरीत देव आन् एका दोरीत पोरगा, आता माणसाला काय कमी हाय. दुकानाच्या पाटीवर तर पेंटर बोलावून 'भ्रमणध्वनी' असं लिहून घेतलं आन् खाली नंबर, एवढाल्या तांबड्या आकड्यांत. माझ्या ओट्यावरून चष्म्याशिवाय वाचता यायचा.

फक्त एक अडचण झाली. फोन वाजंना. दुकानात रेंजच नव्हती. मग आप्पा हात वर करून गावभर रेंज हुडकत फिरायले. मारुतीच्या पारावर गेले, एसटी स्टँडवर गेले, पाण्याच्या टाकीच्या अर्ध्या शिडीपर्यंत चढले. सटवा त्यांच्याकडं हमाली करायचा, तो मागं मागं धोतर सांभाळायला. लोकं हसायले. मीबी हसलो, खोटं कशाला बोलू.

एके दुपारी आप्पा माझ्या घरावरून मान दुसरीकडं करून चालले होते आन् त्यांच्या छातीवर एकदम वाजायला लागलं. दचकून थांबले. फोन कानाला लावला, दोन शब्द झाले, पुढं पाऊल टाकलं की बंद. मागं आले, पुन्हा चालू. असं इंच इंच सरकत शेवटी कळलं ते हे, की सबंध नेकनूरात आप्पाच्या डबड्याला धड रेंज मिळते ती एकाच जागी. माझ्या ओट्याच्या कोपऱ्यात, गिरणीच्या दाराशेजारच्या खांबापाशी.

मी त्या दिवशी देवाला हात जोडले.

पण माणूस जिद्दी. आठवडाभर त्यांनी एक पाय ओट्यावर आन् दुसरा गल्लीत ठेवून फोन केले. ओट्यावरचा पाय लेकरांसाठी, गल्लीतला अबोल्यासाठी. शेवटी विमलनं खांबापाशी पोतं अंथरलं आन् माझ्या म्हशीला सांगितलं की उभ्या माणसाकडं बघून माझे पाय दुखायलेत, कुणाला बसायचं असंल तर बसावं. आप्पा बसले. मला बघितलं न्हाई, मी त्यांना बघितलं न्हाई. विमलनं तिसरा कप खांबाजवळ ठेवला, तो रिकामा झाला. कुणी प्याला कुणास ठाऊक.

सुरुवातीला मी बी सोडलं न्हाई. आप्पाचा फोन आला की गिरणीत मुद्दाम ज्वारी ओतायचो. ते खांबाला सांगायचे की गिरणीच्या आवाजात काही ऐकू येईना, लोकांना काही माणुसकी हाय का न्हाई. मी गिरणीच्या पट्ट्याला सांगायचो की धंद्याच्या टायमाला धंदा होणार. मग आप्पानं तोड काढली. आमच्याकडं दुपारी लाईट जायची ती जायचीच. गिरणी बंद पडली की आप्पा दुकानातून उठून यायचे, पोत्यावर बसायचे, आन् त्यांचा फोन यायचा. रोज. मला वाटायचं, ह्या उदगीरच्या पोरीला नेकनूरच्या लोडशेडिंगचं टायमिंग बरं पाठ झालंय.

पहिले काही महिने फोन खणखणीत वाजायचा. गल्लीतल्या इतरांचेबी निरोप त्याच्यावर यायचे. कडूबाईचा लेक सुरतेहून करायचा, मग ती भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन पळत यायची, माझा ओटा म्हणजे पोस्ट ऑफिस झालता. पुढं उन्हाळ्यात फोन वाजायचा बंद झाला. आप्पानं खांबाला सांगितलं की आवाजानं तकलीफ होते, म्हणून आता थरथरीवर ठेवलाय, नुस्ता छातीवर थरथरतो. कडूबाई विचारायली की माझ्या लेकाचा कावून येईना. आप्पा म्हणाले, पोरं कामात असतात, बाई.

आन् एक झालं. फोन वाजायचा बंद झाल्यापासून आप्पा जास्त बोलायला लागले. आधी पोरीचं बिल चढंल ह्या भीतीनं दोन वाक्यांत उरकायचे, आता निवांत, पाय पसरून. प्रणिताला सगळं सांगायचे. गुडघा दुखायलाय, रात्रीची झोप न्हाई, बसम्माची लई आठवण येते, पेपरात काय छापून येतंय काही कळंना झालंय. मी गिरणीच्या दारात बसून ऐकायचो. ऐकणारच ना, माझ्या घरात बसून बोलायले होते. गुडघ्याचं ऐकलं तेव्हा मी विमलला मोठ्यानं म्हणालो, आपल्याकडं निरगुडीचं तेल पडून हाय, कुणाच्या तरी कामाला येऊ दे. दुसऱ्या दिवशी आप्पा फोनवर म्हणाले, "हां, आज जरा उतार हाय गुडघ्याला. बापाची एवढी काळजी करू नगंस." मला बरं वाटलं. पोरगी बापाची चौकशी करते, चांगलंय. पेपरबी मी पुन्हा पोत्यावर टाकायला लागलो, आन् तो दुपारी नाहीसा व्हायला लागला.

दिवाळीच्या आधी एका दुपारी आप्पाचा आवाज बदलला. म्हणाले, "प्रणिता, राजेश्वर म्हणायलाय दुकान आवरा आन् पुण्याला चला. तूच सांग, जाऊ का ऱ्हाऊ? हितं माझं आता कोण हाय? कुणी एकानं जरी ऱ्हा म्हणलं ना, तर मी ऱ्हातो बघ."

एवढं म्हणून ते गप झाले. फोन कानाला तसाच. कितीतरी वेळ. मला वाटलं, पोरगी तिकडून बोलायली. मी मनात म्हणत होतो, अगं पोरी, ऱ्हा म्हण की बापाला, तुझं काय जातंय. पुण्यातल्या त्या चौथ्या मजल्यावर कोंडून घालणार हाय राजेश्वर त्यांना. तिथं काय हाय त्यांचं?

आप्पानं फोन ह्या कानावरून त्या कानावर नेला. मग त्यांनी हळूच म्हणलं, बरं, ठेवतो.

आन् तेव्हा मला त्यांचं ते वाक्य डसलं. हितं माझं कोण हाय. म्हणजे मी कोण? कावीळ झाल्यावर ज्याच्या उशाशी बसला तो कोण? ज्याचा ओटा झिजवायला तो कोण? डोक्यात तिडीक गेली आन् मी गिरणीच्या पट्ट्याकडं बघून बोललो. खांबापर्यंत जाईल असं बोललो. "ज्याला जायचं त्यानं खुशाल जावं. अडवलंय कुणी."

आप्पा उठले. पोतं झटकलं, घडी घालून खांबाला लावून ठेवलं. दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं की ठरलं, दिवाळी झाली की जायचं, दुकान सटवा चालवील.

दिवाळी कशी गेली ते विचारू नका. विमल माझ्याशी धड बोलंना. म्हणाली, जाऊन सांगा त्यांना. मी म्हणालो, मी कावून सांगू, आधी मांडवात कोण आलं नव्हतं? ती म्हणाली, मग बसा तुमचा मांडव धरून. आन् मी बसलो. दुकानातला माल मोजताना सटवाचा आवाज यायचा, तो ऐकत बसलो.

जायच्या दिवशी सकाळी राजेश्वर जीप घेऊन आला. पेट्या, गाठोडी, बसम्मावहिनींचा पितळी हंडा, सगळं भरायला सुरुवात झाली. त्याच दिवशी माझा पोरगा शिवशंकर बीडहून आलता आन् माझ्यासाठी मोबाईल घेऊन आलता, नवा कोरा. म्हणाला, आण्णा, आता तुमीबी लावा कुणाला तरी. मला त्या दिवशी कशाचा आनंद व्हायला. पण मनात एक आलं. म्हणलं, ते पुण्याला गेल्यावर कधीतरी आप्पाला फोन लावता येईल. फोनवर तोंड दिसत न्हाई, त्यामुळं तो अबोला मोडला असं धरायचं कारण न्हाई.

तेवढ्यात आप्पा आले. शेवटचे म्हणून आले. पोतं पसरलं, बसले, फोन कानाला लावला. प्रणिताला सांगायले की निघालो गं, सामान भरायलेत, हितल्या माणसांनी लई केलं, कुणाबद्दल मनात काही न्हाई.

मी शिवशंकरला म्हणालो, नंबर कसा दाबायचा ते दाखव. समोर पाटी होतीच. तांबडे आकडे बघून बघून एकेक बटण दाबलं. म्हणलं, एकदा नंबर बरोबर लागतोय का बघू, आता तर ते बोलायलेत, लागायचा न्हाई, बिझी सांगंल. कानाला लावला.

एक बाई बोलली. आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही.

मी आप्पाकडं बघितलं. अबोल्यात पहिल्यांदाच सरळ बघितलं. अस्तित्वात नसलेला माणूस माझ्या खांबाला टेकून "हां पोरी, हां" म्हणायला होता. मी पुन्हा दाबला. पुन्हा तीच बाई. शिवशंकरनं दाबला, त्यालाबी तीच. मी उठलो, जीपपाशी गेलो आन् राजेश्वरला विचारलं, तुझ्या वडलांचा नंबर बदलला का. तो दोरी आवळता आवळता म्हणाला, "काका, तो नंबर उन्हाळ्यातच बंद पडला की. आप्पा म्हणायचे इनकमिंग फुकट असताना कार्ड कशाला भरायचं, मग कंपनीनं तोडला. मी आन् प्रणिता दोघंबी तेव्हापासून स्टँडवरच्या एसटीडीवर लावतोय."

मी गल्लीच्या मध्यात उभा राहिलो. आईची गाय आठवली. सगळा उन्हाळा, सगळा पावसाळा आप्पा माझ्या ओट्यावर बसून गाईशी बोलत होते, आन् मी बैल, मला गाय ओळखू आली न्हाई. गुडघा मला सांगितला होता. बसम्मावहिनींची आठवण मला सांगितली होती. जाऊ का ऱ्हाऊ, हे मला विचारलं होतं, फोन कानाला धरून उत्तराची वाट बघितली होती. आन् उत्तर मी दिलं होतं. ज्याला जायचं त्यानं खुशाल जावं.

परत ओट्यावर आलो. खांबाच्या ह्या बाजूला बसलो, पाठ त्यांच्याकडं केली. नवा मोबाईल कानाला लावला. त्याच्यात काही नव्हतं, ती बाईबी गेलती.

"हॅलो," मी म्हणालो. "आप्पा बोलतात का?"

मागं प्रणिताशी चाललेलं बोलणं मधेच तुटलं. मला वाटलं, उठून जातात आता. मग खाकरल्याचा आवाज आला.

"हां. कोण बोलतंय?"

"सुंदरराव बोलतोय. नेकनूरहून."

"बोला."

बोला म्हणणं सोपं असतं. मी पायाशी पडलेल्या ज्वारीच्या दाण्याकडं बघून बोललो, "आप्पा, जाऊ नगा. ऱ्हावा हितंच."

आप्पानं ते बंद पडलेलं डबडं कानावर घट्ट दाबलं, वरची कांडी ओढून आणखी लांब केली, आन् म्हणाले, "आवाज तुटायलाय. रेंज न्हाई नीट. जरा जोरात बोला."

कंजूस माणूस, पण वसूल करायला बसला की पुरतं वसूल करतो. मी उठून उभा राहिलो आन् सगळ्या गल्लीत ऐकू जाईल असा ओरडलो, की आप्पा, जाऊ नगा, मी सांगतोय, सुंदरराव सांगतोय, ऱ्हावा. कडूबाई दारात आली. सटवा दुकानाची किल्ली हातात धरून बघत राहिला. विमल चौकटीला टेकून पदरानं डोळे पुसायली, आन् हसायलीबी.

"आता आलं ऐकू," आप्पा फोनमध्ये म्हणाले. "ह्या बारीला पुतण्याला न्हाई धाडलं, ते बरं केलं."

राजेश्वरनं आमच्या दोघांकडं बघितलं, दोघांच्या हातांतल्या फोनांकडं बघितलं, आन् काही न बोलता आईचा हंडा जीपमधून खाली घेतला.